कोंतादोरमधला पांढरा जडाव : पार्श्वभूमी

जुन्या धाटणीचा कोंतादोर, म्हणजे पायांवर उभं असलेलं खणांचं कपाट, गोव्यात नव्याने घडवायचा ठरला की लाकडावरून फारसा वाद होत नाही. साग मिळतो, पाय कोरणारा मेस्तही सापडतो. घोडं अडतं ते पांढऱ्या जडावापाशी.

सतराव्या शतकात हा प्रश्न नव्हता. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातूनच चाले आणि तिकडचं हस्तिदंत जहाजांनी इथे येई. सागावर एकमेकांत गुंतलेली काळ्या आबनुसी लाकडाची वर्तुळं, मधे हस्तिदंताचे ठिपके, खाली नागिणींच्या आकाराचे पाय. समोरून तीन खण दिसतात आणि ओढल्यावर कधीकधी एकच लांब खण बाहेर येतो. मागणी पोर्तुगिजांची, पण नागीण कोरणारा हात इथलाच. माझ्या लेखी या कामाचं मोल त्यातच आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात शिसवी कोच आणि वेताच्या खुर्च्या आल्या नि जडाव मागे पडला.

१९८६ च्या कायदादुरुस्तीने भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला, १९९१ मध्ये आफ्रिकी दातही त्या बंदीत आला. तेव्हापासून कारागिरांत दोन तट आहेत. एक म्हणतो, मोडक्या जुन्या सामानातले तुकडे काढून वापरा, अस्सलपणा राहील. दुसरा हस्तिदंताऐवजी हाड वापरण्याच्या बाजूने आहे. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं. जुना तुकडा काढायचा म्हणजे एक जुनी वस्तू कायमची उघडीबोडकी करायची, आणि तो विकत घ्यायचा तर कायदा आडवा येतोच.

हाडाच्याही अडचणी आहेत. म्हशीच्या नळीच्या हाडाची भिंत पातळ, त्यामुळे रुंद तुकडा निघत नाही. मोठी पानं-फुलं जोडूनच करावी लागतात. आधी उकळून चरबी नीट काढली नाही, तर पुढे पिवळे डाग उमटतात. घासल्यावर पृष्ठभागावर बारीक काळसर रेघा-ठिपके दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. जाणकार तेवढ्यावरून फरक ओळखतो. तो ओळखू यावा हेच बरं, म्हणजे नवं काम जुनं म्हणून खपणार नाही. प्लॅस्टिकच्या पट्ट्या स्वस्त पडतात, पण सुताराचा गरम सरस (चिकटवायचा गोंद) त्यांना धरत नाही. शिवाय पावसाळ्यात साग फुगतो, उन्हाळ्यात आकसतो आणि कच्चा बसवलेला जडाव उचकटून येतो. सरसाने बसवलेलं हाड निदान ऊब-ओलावा देऊन सोडवता येतं आणि पुन्हा बसवता येतं.