तासाभराची मुभा : इन्सुलिन पंप आणि घरातले सहजीवन

इन्सुलिन पंप, म्हणजे मधुमेह्याच्या शरीरात सतत इन्सुलिन सोडणारे छोटे यंत्र, घेऊन घरी आलेल्या माणसाचे खरे प्रश्न दवाखान्यात सहसा विचारले जात नाहीत. बटणे कोणती, नळी कशी बदलायची, बॅटरी कधी संपते, एवढे तेथे शिकवले जाते; पण आंघोळीला जाताना हे यंत्र ठेवायचे कुठे, इरकल साडीत ते बसते का, आणि रात्री खोलीचे दार लावल्यावर, नवराबायकोच्या जवळिकीच्या वेळी, ते अंगावर असू द्यावे की काढून ठेवावे, हे प्रश्न माणूस मनातच ठेवतो. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर मात्र एकाच हिशोबातून निघते, आणि तो हिशोब वेळेचा आहे.

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा पट्टा. येथे मराठी घरात ‘शुगर आहे’ म्हणतात, शेजारच्या कन्नड घरात ‘सक्करे कायिले’ म्हणतात. दोन्ही भाषांनी आजाराला साखरेचेच नाव दिले आहे. यातील बहुतेकांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे गोळ्यांवर आणि पथ्यावर चालणारा असतो. पंप लागतो तो प्रामुख्याने पहिल्या प्रकारात, ज्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. हा प्रकार बहुधा बालपणी किंवा तरुणपणी सुरू होतो. त्यामुळे लग्न, संसार आणि बाळंतपण हे सारे इन्सुलिन घेत घेतच व्हायचे असते.

पंप दोन कामे करतो. दिवसरात्र थेंबाथेंबाने इन्सुलिन सोडत राहणे हे पहिले काम, त्याला बेसल म्हणतात; आणि जेवणाच्या वेळी बटण दाबून दिलेली जादा मात्रा म्हणजे बोलस. ‘थेंबाथेंबाने’ हा शब्दही येथे मोठाच म्हणावा लागेल. पंपातील इन्सुलिनच्या 1 मिलिलिटरमध्ये 100 युनिट असतात. एखाद्याचा बेसल ताशी 0.8 युनिट असेल, तर तासाला अवघे 8 मायक्रोलिटर इन्सुलिन त्वचेखाली जाते. पाण्याचा साधारण थेंब 50 मायक्रोलिटरचा धरला, तर तेवढा एक थेंब सहा तास पुरतो. हे काम करणाऱ्या नळीचे सूक्ष्म टोक त्वचेखाली काही मिलिमीटर गेलेले असते आणि ती सूक्ष्म नळी दर दोन ते तीन दिवसांनी, जागा बदलून, नवी घालावी लागते. एकाच जागी वारंवार घातल्यास तेथे चरबीची गाठ धरते आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी लवकर, कधी उशिरा रक्तात उतरते.

1960 च्या दशकात अशा यंत्राचा जो पहिला नमुना तयार झाला, तो पाठीवर बांधायच्या पिशवीएवढा होता. 1978 मध्ये लंडनच्या जॉन पिकप, हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि तेथून खिशात मावणाऱ्या पंपाची वाट मोकळी झाली. त्वचेखालच्या सेन्सरकडून साखरेचे आकडे घेऊन बेसल आपोआप कमीजास्त करणाऱ्या पंपाला अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली.

आता तो वेळेचा हिशोब. इंजेक्शन घेणारा माणूस दिवसातून एकदा दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन टोचतो आणि त्याचा साठा त्वचेखाली पुढचा सारा दिवस झिरपत राहतो. पंपात असे इन्सुलिन नसतेच. त्यात फक्त जलद इन्सुलिन असते, जे टोचल्यावर सुमारे 10 ते 15 मिनिटांत काम सुरू करते, तासा-दोन तासांत शिखर गाठते आणि तीन ते पाच तासांत संपते. म्हणजे पंप लावलेल्याच्या शरीरात शिल्लक अशी काही राहत नाही. रोज कमवायचे आणि रोज खायचे अशा घरासारखी ही अवस्था आहे. पंप तासभर काढला तर 0.8 युनिट चुकते, ते नंतर भरून काढता येते. पण चार-सहा तास इन्सुलिन आलेच नाही, तर पेशींना रक्तातील साखर वापरता येत नाही, शरीर चरबी जाळू लागते, त्यातून कीटोन नावाची आम्ले रक्तात साचतात, आणि मळमळ, उलट्या, खोल श्वास अशा वाटेने प्रकरण थेट अतिदक्षता विभागापर्यंत जाऊ शकते. म्हणून आंघोळीपुरता, पोहण्यापुरता, एमआरआयपुरता पंप खुशाल काढावा. डॉक्टर साधारणपणे सांगतात ती मर्यादा एका तासाची आहे.

कपड्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. शेतात जाणाऱ्याला बंडीचा आतला खिसा पुरतो. साडी नेसणाऱ्या स्त्रीने सूक्ष्म नळीची जागा परकराच्या नाडीच्या रेषेत कधीच ठेवू नये, कारण नाडी आवळली की ती जागा दिवसभर दाबली जाते आणि नळी वाकू शकते; पोटाऐवजी कमरेचा मागचा भाग किंवा मांडी घ्यावी आणि पंपासाठी परकराला आतून कापडी खिसा शिवून घ्यावा. बेळगावातल्या शहापूरच्या कोणत्याही शिंप्याचे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते पंपासोबत विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांपेक्षा, माझ्या मते, अधिक सोयीचे ठरते.

हवामान मात्र त्रास देते. अथणीकडचे वैशाखातले ऊन आणि खानापूर-कणकुंबीकडचा आषाढातला पाऊस हे दोन्ही पंपाचे वैरी आहेत: घामाने आणि दमटपणाने चिकटपट्टी सुटते, तर उष्णतेने इन्सुलिन बिघडते. इन्सुलिन हे प्रथिन आहे. ते तापले किंवा फार हिंदकळले, तर त्याच्या रेणूंचे तंतू बनतात, त्याची धार कमी होते आणि नळीही तुंबू शकते. न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवायच्या, पण बर्फाच्या कप्प्यात नाही, कारण गोठलेले इन्सुलिन वाया गेले असे समजावे. फ्रिज नसेल किंवा वीज फार वेळ जात असेल, तेथे ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे भांडे चांगले काम देते.

याच ओघात कुंद्याविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. साखर 70 मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरखाली गेली, की घरातले माणूस प्रेमाने जे गोड हाताशी असेल ते पुढे करते, आणि बेळगावात ते बहुधा कुंदा असते. पण कुंद्यातील दुधाची स्निग्धता जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते, त्यामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. अशा वेळी तीन चमचे, म्हणजे सुमारे 15 ग्रॅम, साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये. कुंदा सणाच्या दिवशी खुशाल खावा, पण त्यासाठी बोलस एकदम न देता त्याचा काही भाग पुढच्या दोन-तीन तासांत पसरून देण्याची सोय बहुतेक पंपांत असते, ती वापरावी.

आता दाराआडचा प्रश्न. पंपापासून त्वचेपर्यंतच्या नळीची लांबी साधारण 60 ते 110 सेंटिमीटर असते, त्यामुळे पंप बाजूला उशीजवळ ठेवून तो जोडलेला राहू देणे शक्य आहे, आणि अनेक जोडपी तसेच करतात. काहींना नळी अडकून ओढली जाण्याची भीती वाटते. त्यांनी पंप काढून ठेवावा. दोन्ही रीती वैद्यकीयदृष्ट्या ठीक आहेत, कारण येथेही तीच तासाभराची मुभा लागू पडते. मात्र पंप काढण्यापूर्वी त्याचा पुरवठा थांबवावा. तो चालूच राहिला तर इन्सुलिन गादीवर सांडते, एवढेच नव्हे, तर आपोआप मात्रा ठरवणारा पंप ते इन्सुलिन शरीरात गेले असे धरून चालतो आणि त्याचे पुढचे सारे गणित चुकते. काही पंपांना नळी नसते आणि ते त्वचेवरच चिकटवलेले असतात. त्यातले बहुतेक असे काढून पुन्हा लावता येत नाहीत, म्हणून त्यांची जागाच विचार करून निवडावी लागते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट साखरेची आहे. समागम हा शरीराच्या दृष्टीने हलका ते मध्यम व्यायाम असतो, आणि व्यायामात स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातील साखर ओढून घेतात. रात्रीच्या जेवणाचा बोलस तासा-दीड तासापूर्वीच दिलेला असेल, तर तो नेमका भरात असतो, आणि दोन्ही मिळून साखर एकदम उतरू शकते. अडचण अशी, की छाती धडधडणे, घाम येणे, अंग थरथरणे ही साखर उतरल्याची लक्षणे आणि त्या क्षणीची स्वाभाविक उत्तेजना यांत फरक करणे दोघांनाही कठीण जाते. म्हणून आधी एकदा आकडा पाहणे आणि ग्लुकोजचे पाणी हाताशी ठेवणे यात संकोचाचे काही नाही. साखर उतरण्याचा धोका पुढेही काही तास राहतो.

लैंगिक अडचणींचे खापर पंपावर फोडले जाते, तेही तपासून पाहायला हवे. वर्षानुवर्षे साखर चढती राहिल्याने नसा आणि लहान रक्तवाहिन्या बिघडतात, त्यातून पुरुषांत ताठरता कमी होते, स्त्रियांत कोरडेपणा येतो आणि बुरशीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. यातले काहीही पंपाने होत नाही. साखर आटोक्यात आणून पंप यातल्या काही गोष्टी टाळायला मदतच करतो. मासिक पाळीच्या आधीच्या दिवसांत अनेक स्त्रियांची इन्सुलिनची गरज वाढते, आणि त्या दिवसांपुरता बेसल वाढवण्याची सोय पंपात असते. मूल हवे असल्यास एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा रक्ततपासणीचा आकडा, शक्यतो 6.5 टक्क्यांखाली आणून मगच विचार करावा, असा सल्ला दिला जातो.

आमच्याकडे लग्न जमवताना मुलीचा मधुमेह सांगितला जात नाही, मुलाचा तर त्याहून नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. बेळगावची मुलगी चंदगडला किंवा गडहिंग्लजला दिली, म्हणजे माहेरची माणसे आणि नेहमीचा डॉक्टर दोन्ही लांब होतात, आणि चारचौघांच्या घरात, एका मधल्या खोलीत, तिला नळी दिसू द्यायची नसते. ती रात्री दहाला पंप काढून पेटीत ठेवते. जेवणाचा बोलस साडेआठचा. तो दीड वाजेपर्यंत बहुतेक संपतो, पहाटे शरीरातील इतर संप्रेरकांमुळे साखर तशीही चढू लागते, आणि सकाळी सहाला उलट्या सुरू झाल्या, की घरात त्याला पित्त म्हटले जाते. तासाभराची मुभा येथे आठ तासांची झालेली असते. लपवण्याची ही किंमत विज्ञानाच्या हिशोबातच मोजता येते, म्हणून ती येथे सांगितली. उलट्या होत असलेल्या पंपधारकाची साखर आणि कीटोन आधी तपासावेत, पित्ताची गोळी नंतर.

नवऱ्याने किंवा बायकोने निदान दोन गोष्टी हाताने करून पाहाव्यात. पहिली, सुटलेली नळी पुन्हा जोडणे; नीट बसली की ती ‘टक’ असा आवाज करते. दुसरी, पंप बंद पडला तर सुईने इन्सुलिन देणे, आणि येथे आपल्याकडे एक मोठा सापळा आहे. भारतात 1 मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेल्या बाटल्याही सर्रास मिळतात आणि त्यांच्या सिरिंजचे टोपण लाल असते. 100 युनिटवाल्यांचे टोपण नारिंगी असते. पंपातले इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले, तर खुणेप्रमाणे 10 युनिट मोजूनही प्रत्यक्षात 25 युनिट जातात.

शेवटी झोपेचे. सेन्सर दंडावर असेल आणि त्याच कुशीवर झोप लागली, किंवा जोडीदाराचे डोके त्या दंडावर असेल, तर दाबामुळे तेथील पेशींमधला द्रव कमी होतो आणि सेन्सर खोटाच कमी आकडा दाखवतो. मध्यरात्री पंप ओरडतो, घर जागे होते, कोणी साखर आणायला धावते. घाम, थरथर किंवा बोलण्यात गोंधळ असे काही दिसत असेल, तर साखर लगेच द्यावी. तसे काही नसेल, तर आधी कूस बदलावी, बोटाला सुई टोचून आकडा पाहावा. तो 110 आला, तर दिवा मालवून झोपावे.