जेन पॉवोल यांच्या आधी: बेसबॉलमधल्या महिला अंपायर

९ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेत अटलांटाजवळच्या ट्रुइस्ट पार्क मैदानावर जेन पॉवोल पहिल्या बेसपाशी, म्हणजे धावणारा फलंदाज सर्वात आधी जिथे पोचतो त्या ठिकाणी, उभ्या राहिल्या. मेजर लीग म्हणजे अमेरिकी बेसबॉलची सर्वोच्च लीग. तिच्या नियमित सामन्यात अंपायरिंग करणाऱ्या त्या पहिल्या महिला. दुसऱ्या दिवशी फलंदाज जिथे उभा राहतो त्या होम प्लेटमागे उभं राहून, टाकलेला चेंडू बॉल (चुकीचा) की स्ट्राइक (योग्य), हेही त्यांनीच ठरवलं. त्या तेव्हा ४८ वर्षांच्या होत्या आणि एकेकाळी चित्रकला शिकवायच्या.

अंपायरला वर जायला वेळ लागतोच. मेजर लीगमध्ये कायम अंपायर जेमतेम ७६. कोणी निवृत्त झालं तरच जागा रिकामी होते. तोवर खालच्या पायरीवरच्या मायनर लीगमध्ये, गावोगावच्या मैदानांवर, तुटपुंज्या पगारात दिवस काढायचे. पॉवोल यांनी २०१६ मध्ये सुरुवात केली. पण बायकांच्या बाबतीत अडचण नुसती जागांची नव्हती.

बर्निस गेरा १९६७ मध्ये अंपायरिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडल्या, तर नियम आडवा आला: उंची किमान ५ फूट १० इंच हवी. त्या ५ फूट २ इंच! कोर्टकचेरीत पाच वर्षं गेली. खटला जिंकून २४ जून १९७२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावी मायनर लीगच्या सामन्यात त्या मैदानात उतरल्या. दुसऱ्या बेसवरचा स्वतःचा निर्णय त्यांनी फिरवला, पाहुण्या संघाच्या व्यवस्थापकाने हुज्जत घातली, त्यांनी त्याला बाहेर काढलं. त्या दिवशी लागोपाठ दोन सामने होते. पहिला संपताच त्या निघून गेल्या, त्या कायमच्या.

पॅम पोस्टेमा मात्र टिकून राहिल्या. १९७७ पासून तेरा हंगाम, थेट ट्रिपल-ए पर्यंत; मायनर लीगमधली ती सर्वात वरची, मेजर लीगच्या लगेच खालची पायरी. १९८८ आणि १९८९ मध्ये मेजर लीगच्या सराव सामन्यांसाठी बोलावणंही आलं. तेव्हा बॉब नेपर या पिचरने (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूने) जाहीरपणे सांगितलं की हे बाईचं काम नव्हे, आणि त्यासाठी धर्माचा दाखला दिला. पोस्टेमा यांच्या कामाविषयी चांगलं बोलणारे बार्ट जियामॅटी १९८९ च्या एप्रिलमध्ये बेसबॉलचे आयुक्त, म्हणजे प्रमुख, झाले खरे, पण १ सप्टेंबरला त्यांचं निधन झालं. हंगाम संपल्यावर पोस्टेमा यांना नारळ मिळाला. त्यांनी लिंगभेदाचा खटला भरला. तो कोर्टाबाहेर मिटला.

त्यानंतर रिया कॉर्टेसिओ या अंपायर २००७ पर्यंत डबल-ए मध्ये, म्हणजे ट्रिपल-एच्या एक पायरी खाली, होत्या. ट्रिपल-ए मध्ये पुन्हा महिला अंपायर दिसायला २०२३ उजाडावं लागलं. ती पॉवोल.