तीव्र मलेरिया आणि आनुवंशिक भेद (आफ्रिका)

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत एकाच गावात, त्याच डासांमध्ये वाढणाऱ्या बहुतेक मुलांना मलेरियाचा ताप येतो आणि जातो. थोड्यांना मात्र मेंदूचा मलेरिया, तीव्र रक्तक्षय किंवा धाप लागून जिवावर बेतते. हा फरक काही अंशी जन्मजात जनुकांमुळे पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये मलेरियाने जगात सुमारे ५,९७,००० माणसे दगावली. त्यांतली ९५ टक्के आफ्रिकेतली होती आणि त्यांत बहुसंख्य पाच वर्षांखालची मुले होती. तीव्र आजार घडवणारा मुख्य परजीवी प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम.

सर्वांत ठळक उदाहरण सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशींना विळ्यासारखा आकार देऊ शकणाऱ्या जनुकीय बदलाचे. हिमोग्लोबिन या रक्तातल्या प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या घटकाऐवजी व्हॅलिन हा घटक येतो, एवढाच हा बदल. ब्रिटिश वैज्ञानिक अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील निरीक्षणांवरून १९५४ मध्ये त्याचा मलेरियाशी संबंध दाखवला. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच हे जनुक मिळालेल्या वाहक मुलांना तीव्र मलेरियाचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी असतो. त्यांना संसर्ग होतो, पण परजीवीची वाढ खुंटते आणि बाधित पेशी रक्तवाहिन्यांना नीट चिकटत नाहीत. दोघांकडूनही जनुक आलेल्या मुलाला सिकलसेल आजार होतो. त्याला मलेरियापासून अभय आहे असे समजणे घातक ठरते, कारण आधीच रक्त कमी असलेल्या या मुलांना मलेरिया झाला तर जीव जाऊ शकतो. विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणारा सिकलसेलही याच बदलामुळे होतो. तिथे त्याच्या आसपासची जनुकीय रचना मात्र आफ्रिकेतल्यापेक्षा वेगळी, ‘अरब-भारतीय’ प्रकारची असते.

पश्चिम आफ्रिकेत, विशेषतः बुर्किना फासो आणि उत्तर घानाच्या परिसरात, हिमोग्लोबिन-सी हा हिमोग्लोबिनचा दुसरा बदललेला प्रकार हेच काम बरेच कमी मोल घेऊन करतो, कारण आई-वडील दोघांकडून जनुक आले तरी आजार सौम्य राहतो. अल्फा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिनची अल्फा साखळी कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) आणि ओ रक्तगट यांचेही संरक्षण मिळते. पण केनियात असे दिसले की सिकलसेल आणि अल्फा थॅलेसेमिया एकाच मुलात आले तर दोन्हींचा लाभ जवळजवळ नाहीसा होतो. जी-६-पी-डी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेचे चित्र गुंतागुंतीचे आहे: मेंदूच्या मलेरियाचा धोका घटतो, पण मलेरियातल्या तीव्र रक्तक्षयाचा वाढतो.

केनियाच्या किनाऱ्यावरील किलिफी भागात डान्टू हा दुर्मिळ रक्तगट बऱ्यापैकी आढळतो. त्यात तांबड्या पेशीचे आवरण अधिक ताणलेले असते, त्यामुळे परजीवीला आत शिरणे जड जाते. त्याचे एक जनुक असले तरी तीव्र मलेरियाचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतो. तांबड्या पेशींवरील डफी या घटकाचा अभाव आफ्रिकेत सर्वदूर आहे, पण तो मुख्यतः व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या परजीवीला रोखतो, फाल्सिपेरमला नाही.

तरीही ही यादी अपुरीच आहे. किलिफीतील २००५ च्या एका अभ्यासात, मलेरियामुळे रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे चौथा भाग आनुवंशिक असल्याचे आढळले. सिकलसेलचा वाटा मात्र जेमतेम २ टक्के निघाला. म्हणजे बरीच जनुके अजून सापडायची आहेत.

परजीवीचीही जनुके बदलतात. गांबिया आणि केनियातील आजारी मुलांच्या अभ्यासात फाल्सिपेरमचे असे प्रकार आढळले की ज्यांच्यापुढे सिकलसेल वाहकांचे संरक्षण फारसे टिकत नाही. आफ्रिकेत सिकलसेलचे जनुक जिथे अधिक, तिथे परजीवीचे हे प्रकारही अधिक दिसतात.