स्कॅफाइटीस

शीर्षपाद वर्गातील (ऑक्टोपस, माकूळ यांच्या वर्गातील) ॲमोनाइट या कवचधारी गटाची एक लुप्त सागरी प्रजाती. काळ मुख्यतः उत्तर क्रिटेशस (सुमारे १० ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा). कवच लहान, बहुधा काही सेंटिमीटरांचे. ग्रीक भाषेत ‘स्काफे’ म्हणजे होडी. त्यावरून जेम्स पार्किन्सन यांनी १८११ मध्ये हे नाव दिले. कंपवाताचे पहिले सविस्तर वर्णन करणारे डॉक्टर ते हेच.

या प्राण्याचे सगळे वेगळेपण कवचाच्या घडणीत आहे. सुरुवातीला ते इतर ॲमोनाइटांसारखे घट्ट गुंडाळत जाते. मग वेटोळे सोडून थोडे सरळ होते आणि शेवटी आकडीसारखे वळून तोंड पुन्हा वेटोळ्याकडे नेते. एकदा ही आकडी तयार झाली की कवचाला वाढायला जागाच उरत नाही, म्हणून आकडी असलेला नमुना पूर्ण वाढलेल्या प्राण्याचा समजतात. एकाच जातीत मोठी आणि छोटी अशी दोन प्रकारची कवचे मिळतात; मोठी मादीची, छोटी नराची असे मानले जाते.

नागपुरात ॲमोनाइट पाहायचा तर देवघरातला चक्र असलेला शाळिग्राम पाहावा. नेपाळातल्या गंडकी नदीचे हे दगड स्कॅफाइटीसपेक्षा जुने, ज्युरासिक काळातले. पण आतले कप्पे आणि पडद्यांच्या नागमोडी शिवणी गटाची ओळख नीट पटवतात. शेवटच्या कप्प्यात प्राणी राहायचा, मागचे कप्पे त्याला तरंगत ठेवायचे.

नागपूरच्या टाकळी परिसरात काळ्या पाषाणाच्या (बेसाल्टच्या) थरांमधल्या गाळात सापडलेले शंख मात्र गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आहेत. हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते अभ्यासले. वेटोळे दिसले की ॲमोनाइट म्हणण्याची घाई नको : गोगलगायीचा शंख आतून सलग पोकळ असतो, त्यात कप्पे नसतात. भारतात स्कॅफाइटीस शोधायचा तर तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीकडच्या सागरी खडकांकडे जावे लागते. तिथल्या ॲमोनाइटांचे वर्णन पुराजीवशास्त्रज्ञ फर्डिनांड स्टोलिच्का यांनी केले.

तरी नागपूरचा या कुळाशी एक संबंध आहे, तो काळाचा. स्कॅफाइटीस प्रजाती आधीच संपली होती, पण तिचे भाऊबंद सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशसच्या अखेरीपर्यंत समुद्रात होते. सीताबर्डीची टेकडी ज्या दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे, त्याचा लाव्हा याच सुमारास वाहत होता.