अंड्यातली चिवचिव आणि अंड्यातली टिकटिक

कोंबडीचं अंडं उबवणीच्या एकोणीस-विसाव्या दिवशी आवाज करू लागतं. नीट ऐकलं तर आवाज दोन असतात. पहिला चिवचिवाट, दुसरी बारीक, ठेक्यातली टिकटिक. दोन्हींचा अर्थ 'पिल्लू बाहेर यायला धडपडतंय' असा लावला जातो आणि मग नको तेव्हा अंड्याला हात लागतो.

सुरुवात दोन्हींची एकच. पिल्लाची चोच आतला पापुद्रा भेदून रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत शिरते आणि फुप्फुसं पहिल्यांदा हवा ओढतात. अंड्यामागे टॉर्च धरला तर पोकळीत चोचीची सावली हलताना दिसते. कवचाला बाहेरून टवका पडायला यानंतर एखादा दिवसही लागतो, त्यामुळे अखंड दिसणाऱ्या अंड्यातून आवाज येण्यात काही वावगं नाही.

चिवचिव हा पिल्लाचा कंठातला आवाज आहे आणि तो आईसाठी असतो. अंड्यातल्या पिल्लाला स्वतःचं अंग स्वतः गरम ठेवता येत नाही. खुडूक कोंबडी उठली, कवच गार होऊ लागलं, की मोठी, लांब, तुटक हाक सुरू होते. ती ऐकून कोंबडी अंगाखालची अंडी चोचीनं सरकवते, पुन्हा नीट बसते, हलक्या आवाजात 'कुक् कुक्' करते. ऊब पोचली की हाक थांबते किंवा तिची जागा मऊ, भरभर येणारे स्वर घेतात. हाक मारून ऊब मिळवण्याचा हा प्रकार अमेरिकन पांढऱ्या पेलिकनमध्ये विशेष अभ्यासला गेला. हा पक्षी पायाच्या पडद्यांनी अंडी उबवतो, आणि टवका पडलेल्या अंड्यातलं पिल्लू ओरडून पालकांकडून हवं तेवढं तापमान राखून घेतं.

गार होत गेलेलं अंडं शेवटी गप्प होतं, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. ऊब परत न देताच चिवचिव थांबली, तर पिल्लू शांत झालं असं समजू नका; ते थंडीनं मंदावलंय.

टिकटिकीचा थंडीच्या तक्रारीशी संबंध नाही. ती श्वासाच्या हालचालीबरोबर येते, म्हणून नियमित असते. अंडं कानाला लावल्याशिवाय ती सहसा कळत नाही, बोटांना मात्र बारीक थरथर जाणवते. ती आईपेक्षा शेजारच्या भावंडांपर्यंत पोचते. लावा पक्ष्यांवरच्या प्रयोगांत दिसलं, की एकमेकांना टेकलेल्या अंड्यांत या ठोक्यांमुळे मागे राहिलेली पिल्लं घाई करतात आणि सगळी जवळपास एकदम फुटतात. दूर ठेवलेली अंडी मागेपुढे फुटतात. म्हणून शेवटचे तीन दिवस अंडी एकमेकांना टेकून ठेवावीत.

इनक्युबेटरमध्ये चिवचिव वाढली, तर आधी अंड्यांच्या उंचीवरचं तापमान बघा. पंख्याच्या यंत्रात या दिवसांत ते 37 अंशांच्या आसपास हवं, आर्द्रता 65 ते 70 टक्के. तापमान पडलं असेल तर झाकण न उघडता ते सावरा आणि ऐका: हाक ओसरली, तर थंडीचीच होती. आवाज ऐकून सारखं झाकण उघडणं सगळ्यात घातक. आत गारवा शिरतो म्हणून पिल्लं आणखी ओरडतात, वाफ निघून जाते, पापुद्रा सुकून चामड्यासारखा पिल्लाला आवळतो आणि त्याला अंड्यात फिरताच येत नाही.

टिकटिक ऐकू येत असताना कवच सोलू नये. टवका पडल्यावर पिल्लू 12 ते 24 तास जागच्या जागी पडून राहिल्यासारखं दिसतं, पण त्याच काळात बलक पोटात ओढला जातो आणि पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या आटतात. त्या आटण्याआधी कवच काढलं, तर रक्तस्राव होतो आणि बलक बाहेर राहतो. असं पिल्लू बहुधा वाचत नाही.