बाळंतिणीचे मानसिक आरोग्य

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर साधारण वर्षभरात स्त्रीला होणारे मनाचे आजार, ते ओळखण्याच्या रीती आणि त्या काळात तिला द्यावयाचा आधार या सर्वांचा विचार या विषयात होतो. ‘बाळंतिणीचे’ म्हटले तरी सुरुवात बाळंतपणाच्या बरीच आधी झालेली असते. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात 270 गरोदर स्त्रियांना शेवटच्या तिमाहीत भेटून मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी 59 जणींना, म्हणजे 23 टक्के मातांना, नैराश्य होते आणि त्यांतल्या 78 टक्के स्त्रियांचे मन गरोदरपणातच आजारी होते. निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या.

याच अभ्यासाने कारणांवरही बोट ठेवले. गरिबी, उपासमार आणि नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही मोठी कारणे होती. मुलगी झाली की मारहाणीचा आणि उपासमारीचा मनावरचा घाव आणखी खोल जाई, मुलगा झाला तर तो काहीसा सौम्य होई. नैराश्याचे खापर केवळ संप्रेरकांच्या चढउतारांवर फोडता येत नाही, हे यातून स्पष्ट होते.

बाळंतपणानंतरच्या मनःस्थितीचे तीन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. पहिला आजार नव्हेच. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास निम्म्याहून अधिक बाळंतिणींना उगाच रडू येते, चिडचिड होते, मन हळवे होते. विश्रांती आणि मायेची माणसे मिळाली की दोन आठवड्यांत ते ओसरते. दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, बाळ झोपले तरी डोळा लागत नसेल, ‘मी वाईट आई आहे’ असे सारखे वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते. काहींमध्ये उदासीपेक्षा धास्ती अधिक असते : बाळाचा श्वास चालू आहे ना, हे रात्रभर उठून पाहणे. अशा वेळी थायरॉईड आणि रक्तक्षय यांचीही तपासणी करावी, कारण दोन्हींची लक्षणे नैराश्यासारखी दिसतात.

तिसरा प्रकार म्हणजे प्रसूतिपश्चात मनोविकृती. तो हजारात एक-दोन प्रसूतींनंतरच होतो, पण फार वेगाने वाढतो. पहिल्या दोन आठवड्यांत झोप उडते, बोलणे असंबद्ध होते, भास होतात, बाळाविषयी भलत्या कल्पना मनात घर करतात. पुष्कळ घरांत याला ‘बाहेरची बाधा’ समजून अंगारे-धुपारे केले जातात आणि मोलाचे दिवस हातचे जातात. हा तातडीचा आजार आहे. बाळंतिणीला एकटे न ठेवता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. उपचारांनी बहुतेक जणी बऱ्या होतात, मात्र पुढच्या बाळंतपणात तो उलटण्याचा धोका असल्याने डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावे.

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तेलमालीश, शेक आणि सव्वा महिन्याची सक्तीची विश्रांती या सगळ्यांतून बाळंतिणीला झोप आणि आईचा सहवास मिळतो, आणि मनासाठी या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. मात्र या जपणुकीत शरीराचीच विचारपूस होते. रडू आले तर ‘बाळाकडे बघ, सगळं विसरशील’ एवढ्यावर बोलणे संपते. ज्यांना माहेर उरलेले नाही, ज्या ऊसतोडीच्या फडावर बाळंत होतात, ज्यांचे मूल दगावले, त्यांच्या वाट्याला तर हा सव्वा महिनाही येत नाही.

नैराश्याची शक्यता चाळून पाहण्यासाठी जगभर वापरली जाणारी प्रश्नावली 1987 मध्ये स्कॉटलंडमधील एडिंबरोत तयार झाली. गेल्या सात दिवसांविषयीचे दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. थकवा किंवा भूक यांविषयी ती विचारत नाही, कारण नवजात बाळाच्या आईला थकवा असणारच. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचे उत्तर होकारार्थी असेल तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच वेळी तिच्याशी बोलावे लागते. असे विचारल्याने तो विचार तिच्या डोक्यात भरेल, ही भीती निराधार आहे.

उपचार नेहमी मनोविकारतज्ज्ञानेच करावे लागतात असे नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात मनोविकारतज्ज्ञ अतिफ रहमान यांनी गावातल्या आरोग्यसेविकांना संवादाधारित उपचार शिकवले. नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांना शेवटच्या महिन्यापासून घरी जाऊन 16 भेटी द्यायच्या, असा तो कार्यक्रम होता. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा या भेटी मिळालेल्या मातांपैकी 23 टक्क्यांना नैराश्य होते, इतरांपैकी 53 टक्क्यांना. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने हेच काम त्याच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या स्त्रियांकडे सोपवले. त्यांना ‘सखी’ म्हणत. 280 गरोदर स्त्रियांच्या त्या चाचणीत परिणाम माफकच दिसला, पण सखी लाभलेल्यांमध्ये बरे होण्याचे प्रमाण जास्त होते.

महाराष्ट्रात अशी भेट घडवायला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने घडवलेल्या नवजात बालकाच्या घरगुती काळजीच्या पद्धतीतून पुढे देशभर आशाताईंच्या गृहभेटी आल्या. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. तिसरा दिवस हळवेपणाचा, चौदावा त्याच्या ओसरण्याचा, बेचाळिसावा नैराश्य स्पष्ट होण्याचा. बाळाचे वजन घेताना आईला ‘मन कशात लागतं का?’ एवढे तिथे विचारता येते, मात्र सासू आणि नवरा खोलीबाहेर असताना.

औषधांच्या बाबतीत दोन चुका घडतात. गरोदर राहताच चालू गोळ्या स्वतःहून बंद करणे ही एक. त्याने आजार उलटतो. दुसरी म्हणजे कोणतीही गोळी चालते असे मानणे. फेफरे आणि मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवर दिले जाणारे व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक आहे, तर सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीचा अगदी थोडा अंश दुधात उतरतो आणि ती घेणाऱ्या बहुतेक माता अंगावर पाजू शकतात.

बंगळूरुच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत 2009 पासून आई आणि बाळ यांना एकत्र दाखल करणारा कक्ष आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 याच्या कलम 21 नुसार मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला एरवी वेगळे करता येत नाही; आईकडून बाळाला धोका असेल तरच, आणि तेही तात्पुरते. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतूनही बोलता येते. फोन बाळंतिणीनेच केला पाहिजे असे नाही, घरातले कोणीही करू शकते.