शोधयंत्राला फसवणं अवघड का होत गेलं

सर्च इंजिनमध्ये आपण शब्द टाकतो तेव्हा ते त्या क्षणी इंटरनेट धुंडाळत नाही. ते काम आधीच उरकलेलं असतं. क्रॉलर नावाचे प्रोग्रॅम लिंकमागून लिंक धरत पानापानावर फिरतात, मजकूर उचलून आणतात आणि त्यातून एक अवाढव्य सूची तयार होते. जाडजूड ग्रंथाच्या शेवटी असते तशीच: शब्द, आणि तो कुठल्या पानांवर आहे. 'शनीची कडी' असं शोधलं की दोन्ही शब्दांच्या याद्या जुळवल्या जातात. जुळलेल्या पानांचा मात्र ढीग असतो. त्यांतलं पहिलं कोणतं, हा खरा प्रश्न. वेबसाइट चालवणाऱ्यांचा जीव यातच अडकलेला असतो आणि लबाडीही इथूनच सुरू होते.

पहिली लबाडी शब्दांची. हवा तो शब्द पानावर शंभर वेळा लिहायचा, आणि वाचकाला दिसू नये म्हणून पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. सुरुवातीच्या काळात हे खपून गेलं. पण त्यावरचा उतारा वेबच्या आधीपासून तयार होता. जो शब्द सगळ्याच कागदपत्रांत येतो त्याला शोधात वजन कमी द्यावं आणि विरळ शब्दाला जास्त, हा विचार ब्रिटिश संशोधक कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडला. त्याच परंपरेतल्या 'बीएम२५' या सूत्रात पुनरुक्तीलाही लगाम आहे. शब्द पहिल्यांदा आला की गुण चांगले वाढतात, दुसऱ्या वेळी त्याहून कमी, आणि विसाव्या वेळेपर्यंत पदरात जवळपास काहीच पडत नाही. पानाच्या कोडमध्ये दडवलेल्या 'कीवर्ड' टॅगचं, म्हणजे पान कशाबद्दल आहे ते सांगणाऱ्या शब्दांच्या यादीचं, तर काही विचारूच नका. वेब-शोधाच्या रँकिंगसाठी आम्ही तो पाहतच नाही, असं गुगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय. तरी लोक तो भरत बसतात.

दुसरी लबाडी लिंकची, आणि तिच्यामागचं गणित मला फार आवडतं. लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना, १९९८ मध्ये 'पेजरँक' मांडला. एका पानानं दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे एक मत. पण सगळी मतं सारखी नाहीत. मत देणाऱ्या पानाचं स्वतःचं जे वजन असेल, ते त्यानं दिलेल्या सगळ्या लिंकमध्ये वाटलं जातं. असा एक वाचक समजा, जो दर वेळी ८५ टक्के शक्यतेनं समोरच्या पानावरची कुठलीही एक लिंक दाबतो आणि १५ टक्के शक्यतेनं कंटाळून भलत्याच पानावर उडी मारतो. तो असाच अखंड फिरत राहिला तर ज्या पानावर जास्त वेळा सापडेल, ते पान महत्त्वाचं.

फट होती त्या उडीत. उडी कुठल्याही पानावर पडू शकते, म्हणजे हजारो रिकामी पानं काढली की प्रत्येकाला तिचा चिमूटभर वाटा मिळतो. ती सगळी पानं एकाच वेबसाइटकडे वळवली की चिमटीचिमटीनं वजन साठतं. यालाच 'लिंक फार्म' म्हणतात. २००४ मध्ये स्टॅनफर्ड आणि याहूच्या संशोधकांनी 'ट्रस्टरँक' सुचवून ही फट बुजवण्याचा मार्ग दाखवला: उडी पडायची ती माणसांनी तपासून निवडलेल्या मोजक्या पानांवरच. विश्वास तिथून लिंकांवाटे पाझरत जाणार. फार्ममधल्या पानांनी आपापसांत कितीही मतं देऊ देत, बाहेरच्या विश्वासू पानानं त्यांच्याकडे बोट दाखवलेलं नसेल तर त्यांच्या वाट्याला शून्य. पुढे २०१२ मध्ये गुगलनं 'पेंग्विन' या बदलातून अशा विकतच्या आणि जुळवून आणलेल्या लिंकांवर थेट घाव घातला. त्याआधी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइटसुद्धा काही दिवस गुगलच्या निकालांतून बाहेर होती, कारण क्रॉलरला एक पान आणि वाचकाला भलतंच, असा प्रकार तिथे सापडला होता.

या सगळ्यातून एक चाळणी तयार होत गेली. ज्या खुणा फुकटात तयार करता येतात त्यांची किंमत घसरते आणि ज्या कमवाव्या लागतात त्या टिकतात. म्हणून प्रामाणिकपणाचा मार्ग लांबचा वाटला तरी मी तोच धरायला सांगेन.

समजा, छोट्या दुर्बिणीतून शनी कसा पाहावा यावर तुमचं पान आहे. इकडून तिकडून गोळा केलेला मजकूर 'कडी फार सुंदर दिसतात' इथेच थांबतो. ज्यानं खरोखर दुर्बिणीला डोळा लावलाय तो लिहितो की साधारण २५ पट मोठं दिसू लागलं की कडी ओळखता येतात. मात्र २०२५ च्या मार्चमध्ये ती पृथ्वीवरून अगदी कडेनं दिसत असल्यामुळे जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि असं दर १३ ते १६ वर्षांनी घडतं. दुसरा आकाशनिरीक्षक लिंक देईल ती याच पानाला. ती लिंक मागायला जावं लागत नाही.

मग त्या पानाचं शीर्षक 'मुख्यपृष्ठ' किंवा 'लेख क्र. ७' ठेवू नका. 'छोट्या दुर्बिणीतून शनीची कडी कशी पाहावीत' असं सरळ लिहा. चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे त्यात काय दिसतं ते सांगणारी ओळ, कोडमध्ये द्या. क्रॉलरला तो कळतो, आणि दृष्टिहीन वाचकाला स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतो. चित्राची रुंदी-उंचीही कोडमध्ये नोंदवा, नाहीतर चित्र उशिरा उतरतं, वाचत असलेली ओळ खाली ढकलली जाते आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. गुगल हे हिसके मोजतं. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा आणि क्लिकला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, हेही त्याचे निकष आहेत. अर्थात वेगानं उघडणारं पोकळ पान पोकळच राहतं.

एवढं करूनही निकाल दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. क्रॉलर पुन्हा यावा लागतो, लिंक हळूहळू जमतात. या काळात गुगलचं सर्च कन्सोल हे मोफत साधन उघडून लोक कोणत्या शब्दांनी तुमच्यापर्यंत पोचतायत ते पाहा. 'शनी दुर्बीण किती पट' असं विचारणारे येत असतील आणि ते उत्तर तुमच्या पानात तळाशी गाडलेलं असेल, तर ते वर आणा. आणि कुणी पैसे घेऊन पहिल्या क्रमांकाची हमी देत असेल तर ती घेऊ नका. अशी हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनं आपल्या मार्गदर्शक सूचनांत लिहून ठेवलंय.